तीन जुन्या डिस्कांची साक्ष

पाणीखात्याच्या कचेरीत तिला सगळे 'वहीवाली' म्हणत. सर्व्हरला द्यायची आज्ञा ती आधी वहीत उतरवी, मगच टाइप करी. ही शिस्त कचेरीतल्याच ज्येष्ठ सहकारी मास्तरांची. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच तिला बोटाला धरून हे काम शिकवलं. वडील गेल्यावर एखादी गोष्ट विचारायची झाली, तर ती त्यांनाच विचारी.

सर्व्हरमध्ये चार डिस्क, आणि त्यांवर जमिनीखालच्या सगळ्या नळांचे नकाशे. एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचा वाटा भरून काढत. शनिवारी एक गेली. वहीवालीने नवी बसवली, भरणी सुरू करून दिली आणि आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. सोमवारी पाहते तर चारही डिस्क ठणठणीत, आणि नकाशे गायब.

"हात कोणी लावला?" साहेबांनी विचारलं.

"नवी डिस्क हिनेच बसवली," मास्तर मऊ आवाजात म्हणाले. "पोर घाईत होती. होतं असं."

"चार वाजता मला वर कळवावं लागेल," साहेब तिला म्हणाले. "कोणाच्या चुकीने, तेही."

जिन्यात तिने मास्तरांना गाठलं. "रविवारी तुम्ही काही केलंत का?"

"मी? पेपर वाचला नि घरी गेलो. वेडाबाई, माझ्यावर संशय?"

तिला स्वतःचीच लाज वाटली.

मूळ डिस्कांवर काहीही लिहिलं जाणार नाही अशी तजवीज करून तिने एकेकीचा मथळा, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीची नोंद, वाचला. चार डिस्कांना एकत्र जोडणारी ही मोट सहा वर्षांपूर्वी बांधलेली. मथळ्यात मात्र जन्मवेळ होती रविवार, सकाळी अकरा वीस. कोणीतरी जुनी मोट जुळवायची सोडून तिच्यावरच नवी बांधली होती, तीही क्रम चुकवून. रविवारी पाळी एकट्या मास्तरांची. 'जुन्या डिस्कांवर नवी मोट बांधायची नाही, मेलीस तरी नाही,' हेही त्यांनीच शिकवलेलं.

तिने ती वेळ वहीत उतरवली.

मग कामाला लागली. दैव एवढंच, की चुकीची भरणी फक्त नव्या डिस्कवर ओतली गेली होती. जुन्या तिघींचे मथळेच बदलले होते; खाली नकाशे जागच्या जागी होते. नवी बाजूला ठेवून तिघींचा खरा क्रम शोधायचा होता. पहिली कोण ते खुणेवरून कळलं. बाकीच्या दोघी आणि नवीची रिकामी जागा यांच्या क्रमाच्या उरल्या सहा शक्यता. पाचव्या खेपेला फायलींची नावं दिसली. पण छोटी फाईल चुकीच्या क्रमातही उघडते, फसवते. तिने सर्वांत मोठा नकाशा उघडला. निळ्या रेघा कुठेही न तुटता पार टाकीपर्यंत गेल्या होत्या.

"शाब्बास!" मास्तर मागे उभे होते. "आता नकाशे दुसरीकडे उतरव आणि या तिन्ही पुसून टाक."

"पुसायच्या कशाला?"

त्यांची नजर वहीतल्या अकरा वीसवर पडली. "पाच महिने राहिलेत गं निवृत्तीला."

"मला अजून वीस वर्षं काढायचीत. इथंच."

"तुला कोण काढतंय? एखादा ठपका काय, धुऊन निघतो."

"निघतो ना? मग तुम्हीच घ्या की."



नकाशे दुसरीकडे उतरवून सव्वातीनला ती साहेबांकडे गेली. रविवारच्या अकरा वीसची नोंद असलेला कागद तिने हातात दिला, तो साहेबांनी दोनदा वाचला. "नकाशे मिळाले ना? मग आता कशाला उकरून काढताय?"

"वर कळवायचं तुमचं पत्र?"

"ते गेलं. जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनीच लिहून आणलं. चूक तुम्हाला कबूल आहे म्हणाले."

म्हणजे शाब्बास म्हणायला आले, तेव्हा पत्र जाऊन तास झाला होता.

तिने तिन्ही डिस्क पाकिटात घातल्या, पाकीट चिकटवलं आणि साहेबांसमोर ठेवलं. "यावर सही करा, आजची तारीख घालून. तुमच्या कपाटात राहू देत. पुसायच्या नाहीत. दुसरं पत्र मी लिहितेय, तेही आजच जाईल."

मास्तर दारात येऊन उभे राहिले होते. खोलीतली रिकामी खुर्ची तिच्याजवळ होती. साहेबांची सही होईपर्यंत तिने ती मास्तरांकडे सरकवली नाही.