लेकीच्या गावची परतीची गाडी

झाशीच्या बडा बाजारामागे राहणाऱ्या अनुसूयाबाई चांदोरकर दर गुरुवारी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन लेकीकडे जात. डबा लेकीसाठी नसे, स्वतःसाठी असे. लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असा त्यांच्या घरचा नियम.

इंदू मऊरानीपूरच्या पलीकडे खिरकापुऱ्याला असते. जावई तिथे गुरांचे डॉक्टर. महासाथीत तिथे थांबणारी पॅसेंजर बंद झाली ती झालीच. बसने मऊरानीपूर गाठता येई, पुढे जीप मिळे. पण परतीची जीप दुपारीच निघून जाई. म्हणजे मुक्काम आला, आणि मुक्काम म्हणजे जेवण. बाई गेल्याच नाहीत. दरम्यान नात झाली, ती त्यांनी फोनवरच पाहिली.

"आई, पुण्याच्या आत्या नात झाल्यावर लेकीकडे जेवायला लागल्या की," इंदू म्हणे.

"त्या पुण्याच्या. आपण झाशीचे. इथे हा नियम कधी सुटत नाही."

मग गाडी परत आली, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. उतारू दिसले तर चालू, नाहीतर बंद. भाग विरळ वस्तीचा, त्यामुळे डबे अर्धे रिकामेच असत. एका गुरुवारी रेल्वेच्या पाहणीसाठी एक तरुण डब्यात आला. बाईंसमोरच्या हरप्रसाद अहिरवारांना त्याने विचारलं, "दादा, किस काम से जा रहे हैं?"

"काम कछू नईं. ऐसेई."

शेजारच्या म्हाताऱ्यानेही तेच सांगितलं, "हम सोई ऐसेई."

मुलीला भेटायला जाणं याला तिकडे कुणी काम म्हणत नाही. तरुण कारणाचा रकाना कोरा ठेवून पुढच्या बाकाकडे वळला. असे कोरे रकाने गेले तर गाडी जाईल, हे ओळखून बाईंनी त्याला हाक मारली.

"भैया, ज़रा रुको. पहले इनके थैले देखो."

हरप्रसाद लाजले. थैलीतून पुऱ्या, लोणचं आणि पाण्याची बाटली निघाली. शेजारच्याकडेही तेच.

"बिटिया के घर का पानी तक नहीं पीते ये," बाई म्हणाल्या. "शाम को लौटने की गाड़ी न हो, तो बाप जाएगा ही नहीं."

तरुण हसला. "मेरे ससुरजी तो पूरा कैन उठा लाते हैं, माताजी. पर दादा, आपने बताया क्यों नहीं?"

"ईमें बताबे की का बात?" हरप्रसाद म्हणाले.

तरुण डब्याच्या पहिल्या बाकापर्यंत मागे गेला आणि पुन्हा विचारत आला: "बिटिया के यहाँ?" बऱ्याच माना हलल्या.

या गाडीचा खर्च तिकिटांतून निघत नाही, निघेल असंही दिसत नाही. तिचे उतारू फारसे वाढणार नाहीत. पण लेकी सासरी आहेत तोवर ते कमीही होणार नाहीत. मुदत संपली तेव्हा दोन डबे कमी करून गाडी कायम ठेवण्यात आली. पाहणीचा त्यात वाटा किती, हे कुणी सांगितलं नाही.

बातमी बुधवारी आली. मुदतीच्या काळात बाईंनी एकही गुरुवार चुकवला नव्हता. तापातही त्या गेल्या होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी इंदूला फोन केला.

"उद्या येत नाही गं. गुडघा दुखतोय."

"अगं, पण गाडी..."

"आहे ना आता. पुढच्या गुरुवारी बघू."