बांगड्यांच्या डब्यातलं मशीन

अनघाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "अगं, हे बघ ना यार. हे रोशनीचंच मशीन आहे ना?"

रोशनीचंच होतं. मानेसरच्या कामगार वस्तीतली तीन वर्षांची मुलगी, जन्मापासून कमी ऐकू येणारी. सहा महिन्यांपूर्वी आमच्या संस्थेने तिला श्रवणयंत्र दिलं होतं. मी स्पीच थेरपिस्ट. दर गुरुवारी गुरुग्रामहून तिच्या घरी जाऊन तासभर ऐकण्याबोलण्याचा सराव घ्यायचे. सहा महिन्यांत पोरगी एक शब्द बोलली नव्हती, हाकेला वळतही नव्हती. म्हणून मी ते मशीन आमच्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे अनघाकडे, तपासायला आणलं होतं. काहीतरी बिघाड सापडेल अशी आशा होती.

"मशीन ठणठणीत आहे," अनघा म्हणाली. "पण डेटा लॉग बघ."

मशीन किती वेळ चालू होतं याची नोंद ते स्वतःच ठेवतं, त्याला डेटा लॉग म्हणतात. रोशनीचं मशीन आठवड्याला जेमतेम तासभर चालू होतं. तो तास माझा होता.

मला रोशनीच्या आईचा, सुनीताचा, भयंकर राग आला. मूल भाषा शिकतं ते पहिल्या काही वर्षांत. तेव्हा कानावर आवाज पडला नाही, तर पुढे कितीही भारी यंत्र लावा, बोलणं नीट येणं फार अवघड. हे मी तिला दर गुरुवारी सांगून सांगून थकले होते.

मशीन परत दिलं आणि पुढच्या सोमवारी न सांगता थडकले. एरवी मी निघताना फोन करायचे, बाईची धांदल नको म्हणून.

सुनीता दारात बसून कारखान्यातून आणलेल्या रबरी रिंगा कातरत होती. रोशनी मागे खेळत होती. कान रिकामे. शेजारच्या खोलीत कुकरने शिट्टी दिली. तिने मान वर केली नाही.

"मशीन कहाँ है?" मी विचारलं.

सुनीताने हात पुसले आणि देवांच्या फळीवरून बांगड्यांचा डबा काढला. डब्यात कापूस आणि कापसात मशीन. बाजूला सुरुवातीला दिलेलं बॅटऱ्यांचं एक पाकीट, न फोडलेलं.

"आप आती हो तब लगाती हूँ, मॅडमजी. बाकी टाइम सँभाल के रखती हूँ. खो गई तो दूसरी नहीं मिलेगी ना? अँगूठा लगवाया था आपने."

लावून घेतला होता. मशीन देताना आम्ही पालकांकडून हमीपत्र घ्यायचो. हरवल्यास दुसरं मिळणार नाही, वस्ती सोडताना मशीन परत करावं, वगैरे. ते मीच मोठ्याने वाचून दाखवलं होतं. हरवण्याच्या ओळीवर तर मुद्दाम आवाज चढवला होता. तिचा अंगठा धरून शाईवर टेकवला तोही मीच.

बाकीच्या आया बॅटऱ्या संपल्या म्हणून सारख्या फोन करायच्या. सुनीताने सहा महिन्यांत एकदाही मागितली नाही. आणि मी ऑफिसात कौतुक करत होते, किती समंजस बाई आहे! मला स्वतःची लाज वाटली.

आमचे प्रोजेक्ट हेड कपूर सर. त्यांना म्हटलं, "सर, वो खोने वाली लाइन हटा दीजिए."

"मॅडम, डोनर को क्या बोलूँ? और आपके फॉर्म में तो हर हफ्ते 'वेअरिंग, येस' लिखा है."

लिहिलेलं होतं. अक्षर माझंच.

शेवटी मीच सुनीताला सांगितलं, "खो गई तो मैं देखूँगी. सुबह उठते ही लगा दो." तिचा विश्वास बसला नाही, पण तिने मशीनला दोरा बांधून तो फ्रॉकला टाचला. तीन आठवड्यांनी रोशनी कुकरच्या शिट्टीला वळली. दोन महिन्यांनी सुनीताचा आपणहून फोन आला. "पापा बोली, मॅडमजी! और बॅटरी खतम हो गई." बॅटऱ्या द्यायला इतक्या आनंदाने मी कधी गेले नव्हते.

मग कारखान्यात रोशनीच्या वडिलांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. मला कळलं ते खोलीला कुलूप पाहून. सुनीताचा फोन बंद. शेजारणीने तोच बांगड्यांचा डबा माझ्या हातात ठेवला.

"सुनीता दे गई. बोली, कागज में लिखा था, जाते टाइम लौटाना है."

मी हरवण्याच्या ओळीतून तिला सोडवलं होतं. परत करण्याची ओळ माझ्या डोक्यातच आली नव्हती.

मशीन लख्ख पुसलेलं होतं. बॅटरी काढून वेगळी ठेवलेली. फॉर्मवर पत्ता फक्त मानेसरच्या खोलीचा, गावाचा रकाना रिकामा. तो भरायचं कामही माझंच होतं. कितीतरी दिवस मी तो बंद नंबर लावत राहिले.

कपूर सर खूश झाले. "देखा, कितनी ईमानदार फॅमिली थी!" मशीन दुसऱ्या मुलाला दिलं. मोल्ड मात्र देता आला नाही. मोल्ड म्हणजे कानात बसणारा मऊ तुकडा, तो त्या त्या मुलाच्या कानाचं माप घेऊन बनवतात. रोशनीचा मोल्ड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आता मी फोन न करताच घरी जाते. अंगठा घेण्याआधी हमीपत्रातल्या दोन ओळी पेनने खोडते, सरांना माहीत नाही. आणि मशीन देताना प्रत्येक आईला आधी एवढंच सांगते, "खो जाए तो भी चलेगा. गाँव जाओ तो साथ ले जाना."