निळी वाक्यं

शुक्रवारी आमच्या टेमघर भागातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असायचे. एरवीची खडखड थांबली की आम्हाला आमचंच घर नवीन वाटायचं... मी आणि माझे मिस्टर परात मधे ठेवून बिरड्याचे वाल सोलत बसायचो. माझ्या हातून वालाचे दोन तुकडे व्हायचे. "कॉन्व्हेंटमध्ये हे शिकवलं नाही वाटतं," असं हे दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी आम्ही दोघंही हसायचो.

हे रिटायर झाल्यावर वाल सोलतानाच्या त्या गप्पा कम्प्युटरवर लिहून काढायचं ठरलं. दोघांत मिळून एकच फाईल. सकाळी हे टाईप करायचे, दुपारी मी. एकमेकांच्या परिच्छेदात घुसायची दोघांनाही मुभा होती, म्हणून रंग वाटून घेतले. ह्यांची वाक्यं निळी, माझी काळी.

मागच्या वर्षी हे गेले. सकाळची शिफ्ट रिकामी झाली...

मी दुपारी बसते अजून. नवीन काही लिहीत नाही, निळं तेवढं वाचते. दिवसभर घरात माणसाचा दुसरा आवाज नसतो, तेव्हा तेवढंच एक बोलणं.

गेल्या आठवड्यात केतकीला, म्हणजे माझ्या नाशिकच्या लेकीला, फोनवर म्हटलं की वर्षश्राद्धाला याच्या प्रती छापून घरच्यांना देऊ या. फक्त हेडिंग्ज वेडीवाकडी दिसताहेत. मी ती स्पेसबार दाबून दाबून मधोमध आणली होती.

"स्पेसबारने? आई, अगं स्टाइल्स कशासाठी असतात!" ती हसायलाच लागली. "आधी सगळं सिलेक्ट कर आणि क्लिअर फॉरमॅटिंग दाब. मग हेडिंगला हेडिंगची स्टाइल, बाकीच्याला नॉर्मल. एकदा स्टाइल बदललीस की सगळीकडे आपोआप बदलतं."

रंगांचं तिला ठाऊक नव्हतं. आणि मी एका कानाला फोन लावून नुसती बटणं शोधत होते. ती सांगेल ते दाबलं, सेव्ह केलं, पेनड्राइव्हवर जुन्या फाईलच्या जागी हीच चढवली. शहाण्या मुलीसारखं बंदही करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली. हेडिंग्ज सुरेख एका ओळीत... आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं काळं.

अनडू करून पाहिलं, कालचं काही परत येईना. केतकीला फोन केला तर ती रडवेली झाली. "आई, मला सांगायचं तरी होतंस गं..." मग मीच तिला समजावलं. शब्द तर आहेत ना, म्हटलं. फोन ठेवून पुन्हा पहिलं पान उघडलं. शब्द होते, पण त्यातले ह्यांचे कुठले ते कोण सांगणार?

आठवून आठवून वेगळे करायला लागले. थोडे जमले. ऑफिसातल्या गमती ह्यांच्या, शाळेतल्या सिस्टर्स माझ्या. पण पुढे पुढे काही कळेना. इतकी वर्षं एकमेकांना त्याच गोष्टी सांगितलेल्या... कुठली कोणी लिहिली, ते मलाच सांगता येईना.

शेवटी ते सोडून दिलं. निदान मी मारलेल्या जादा स्पेस तरी काढू, म्हटलं. त्यासाठी केतकीने फोनवर उलट्या पी-सारखं एक बटण सांगितलं होतं. ते दाबलं की प्रत्येक मोकळ्या जागी बारीक ठिपका दिसतो.

दाबलं. सगळं पान ठिपक्यांनी भरलं. आणि बघता बघता लक्षात आलं... काही पूर्णविरामांनंतर एक ठिपका होता, काहींनंतर दोन.

ह्यांनी तरुणपणी मशीनवर टायपिंगचा क्लास केला होता. तिथे पूर्णविरामानंतर दोनदा स्पेस द्यायची शिस्त. ती बोटं कम्प्युटरवरही तशीच चालायची. मी आपली मनाने शिकलेली, माझी एकच स्पेस. रंग गेले, पण ह्यांच्या स्पेस कुणी पुसल्या नव्हत्या.

केतकीच्या लग्नानंतरच्या पानावर एक वाक्य आहे. 'पाठवणी करून घरी आलो, दारात तिच्या चपलांची जागा मोकळी दिसली आणि आत पाऊलच टाकवेना.' हे माझंच, असं मी शपथेवर सांगितलं असतं. त्या दिवशी हे मुकाट जेवून झोपले होते आणि मला त्याचा रागही आला होता.

त्या वाक्यापुढे दोन ठिपके होते.

आता मी 'बाबांचं' नावाची एक स्टाइल केली आहे, निळी. दोन ठिपक्यांच्या प्रत्येक वाक्याला ती लावत गेले. फक्त परिच्छेदांची शेवटची वाक्यं राहिली. तिथे थेट एन्टर असतो, त्यामुळे ती कोणाची ते ठिपक्यांवरून कळत नाही. त्यांच्यासाठी तिसरी स्टाइल केली, 'दोघांचं'. रंग जांभळा.

काल फाईल घेऊन बाजारातल्या डीटीपीवाल्या भाईंकडे गेले. "आंटी, ये डबल-डबल स्पेस निकाल दूँ? एक मिनट का काम है."

"हात तो लगाके देखो!" मी एवढ्या जोरात ओरडले, की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. ते बिचारे म्हणाले, "नहीं लगाता, आंटी, नहीं लगाता. आप बैठो, पानी पियो."

प्रती रविवारी मिळतील. वर्षश्राद्धाला येणाऱ्यांनी ऐकून ठेवा. कशेळीच्या वन्संना मोठ्या अक्षरांची प्रत, त्यांना आता बारीक वाचवत नाही. पूर्णा गावच्या भाऊजींना ऑफिसची प्रकरणं आधी दाखवा, त्यात ते स्वतः आहेत. माझ्या शाळेच्या मैत्रिणींनी काळ्या वाक्यांतल्या चुका काढाव्यात, निळ्यांतल्या नकोत.

पेनड्राइव्ह केतकीला. फॉन्ट बदल, साइज बदल, तुला हवं ते कर. निळं सगळ्यांनी वाचायचं आहे, काळंही. जांभळी वाक्यं तेवढी, बाळा, तुझी.