एकाच मापाच्या घंटा

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही परदेशात, श्रूजबरी नावाच्या गावात राहायचो आणि दर शनिवारी मी मुलीला जवळच्या शहरातल्या संग्रहालयात चित्रकलेच्या क्लासला न्यायची. क्लास दोन तासांचा. तेवढ्यात घरी जाऊन यायची ड्रायव्हिंगची हौस मला नव्हती, म्हणून मी आतच फिरायची. फिरता फिरता मध्ययुगाच्या दालनात जी अडकले, ती अडकलेच.

तिथं काचेखाली जुन्या हस्तलिखिताचं एक पान होतं. चित्र तळहाताएवढं. मुकुट घातलेला राजा बसलाय, डोक्यावरच्या आडव्या दांडीला घंटा टांगल्यात आणि याच्या दोन्ही हातांत हातोड्या. शेजारी एक जण पिशवीचं वाद्य फुंकतोय. गाल असे, की अख्खा लाडू तोंडात कोंबलाय! मला ती मंडळी आपल्या घरच्या कार्याला आल्यासारखी वाटायची. मग मी लायब्ररीतून पुस्तकं आणायला लागले आणि पोळ्या झाल्या की ओट्याशीच डिक्शनरी घेऊन वाचत बसायची. मॅट्रिकच्या पुढे कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, पण पुस्तकं थोडीच विचारतात?

एक दिवस फलकावर कागद दिसला: चित्रं समजावून सांगायला स्वयंसेवक हवेत. काय सांगू, मला ते फार हवं होतं. इतकी वर्षं या देशात मी कुणाची तरी बायको होते, नाहीतर कुणाची तरी आई. मी नाव दिलं.

मुलगी अकरा वर्षांची. तिनं डोक्यालाच हात लावला. "आई, नो! तिथं माझ्या क्लासची सगळी मुलं असतात. आणि तू साडी नेसणार!"

"मग काय, हातात हातोड्या घेऊन मुकुट घालू?"

हे पेपरामागून हसले. ती नाही हसली.

परीक्षा घ्यायला एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर. त्याच राजाच्या चित्रासमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं. मी दोन पानं इंग्रजी घोकून गेले होते. तिथं उभी राहिले आणि सगळं पुसलं गेलं. तोंडातून मोडक्या इंग्रजीत आपलं जे रोजचं, तेच निघालं: "राजा देवळात आलाय. घंटा वाजवून देवाला सांगतोय, बाबा रे, मी आलो."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मग इतक्या घंटा कशाला? देवाला कमी ऐकू येतं का?"

माझे कान तापले. झालं, म्हटलं, संपलं. पर्स उचलणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, "आई, ही इज प्लेइंग! आजोबांसारखं!" क्लास सुटला होता. दोन्ही हात रंगानं बरबटलेले, आणि ही तिथं उभी.

माझे वडील सोलापुरात जलतरंग वाजवायचे. चिनीमातीच्या भांड्यांत पाणी भरायचं, कमीजास्त करून सूर जुळवायचे आणि दोन काड्यांनी वाजवायचं. त्यांची कॅसेट आमच्या गाडीत कायम असायची. मी परत चित्राकडे पाहिलं आणि मला हसूच आलं. "बाई, या घंटा बघा. सगळ्या एकाच मापाच्या! अशानं सूर कसे वेगळे निघतील? चित्र काढणाऱ्यानं वाद्य कधी हातात घेतलेलं नाही. माझ्या वडिलांनी त्याला भांडी घासायला बसवलं असतं."

बाई काचेवर वाकल्या. एकेक घंटा निरखली. मग म्हणाल्या, "दाखवा बरं कसं ते."

खाली कॅफेटेरियात आम्ही सात कप मांडले. सगळे सारखे, पण कपात पाणी तरी भरता येतं. मी घोट घोट पाणी कमी-जास्त करत गेले. प्यायच्या पाण्याशी हा काय खेळ, अशा नजरेनं काउंटरवरची बाई बघत होती. दोन चमच्यांनी सा पासून नी पर्यंत वाजवलं, शेवटचा नी जरा बेसूर निघाला. क्लासची चार-पाच पोरं भोवती जमलीच. मुलगी लाल झाली, पण जागची हलली नाही.

"पुढच्या शनिवारी शाळेचा ग्रुप आहे," बाई म्हणाल्या. "कप घेऊन या. आणि ते देवळाचंही सांगा, ते मला आवडलं."

गाडीत मुलीनं आजोबांची कॅसेट लावली. घराच्या वळणावर म्हणाली, "पाणी मी ओतीन. तुझा नी चुकतो."

साडीबद्दल काही बोलली नाही. मी निळी नेसून गेले.