शांतता सप्ताह आणि एसटीतलं दप्तर

गेल्या शुक्रवारी मारेगावकडच्या एका शाळेत मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. विषय 'शिक्षणातून शांतता, संवादातून समेट'. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईकडे वेळच वेळ असतो, असं लोक धरून चालतात... आणि मीही मूर्खासारखी जाते.

वेळेवर पोचले, ही पहिली चूक. ऑफिसात चहा झाला, बिस्किटं झाली, पुन्हा चहा झाला. मुख्याध्यापक सारखे दाराबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "सॉरी मॅडम, स्वागतगीत होणार नाही. म्हणणाऱ्या दोघी मुलींनीच सकाळी मारामारी केली. दोघींना टीसी देऊन राह्यलो."

कशावरून भांडल्या, मी विचारलं.

"त्यात विचारायचं काय, मॅडम? ऐन शांतता सप्ताहात मारामारी! शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

म्हणजे बॅनरवर संवाद, आणि ऑफिसात टीसी. वा!

मी उठून व्हरांड्यात गेले. नववीतल्या दोघी दोन टोकांना उभ्या होत्या. साक्षीच्या गालावर ओरखडा, प्रतीक्षाची एक वेणी सुटलेली. दोघी बाहेरगावच्या, एकाच एसटीने येणाऱ्या. प्रतीक्षाचं गाव लांबचं, साक्षीचं मधलं.

प्रतीक्षाच्या हातात टीसी पडला तर तिचे वडील दुसरी शाळा शोधणार नाहीत, स्थळ शोधतील. हे मला शाळेतल्या मावशींनी कानात सांगितलं. सरांनाही ते माहीत होतं... हे ऐकून तर माझं डोकंच फिरलं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये भांडणाऱ्या मुलींना सिस्टर समोरासमोर बसवायच्या. आधी समोरचीचं म्हणणं सांगायचं, ती 'हो' म्हणाली की मगच आपलं. रागाने आमचे कान लाल व्हायचे. पण दुसरीचं सांगायचं तर आधी ते ऐकावं लागतं ना! मी या दोघींनाही तसंच बसवलं.

"थे म्हणते का मी तिचं दप्तर खिडकीतून फेकलं," साक्षी कुरकुरली.

"पूर्ण सांग."

"...चिखलात फेकलं. वह्या भिजल्या."

"हो," प्रतीक्षा म्हणाली. मग तिची पाळी. "थे म्हणते का मी रोज बाजूच्या सीटवर दप्तर ठेवतो अन् तिले बसू देत नाही. तिले उभ्यानं यावं लागते."

"अन् पाय दुखतात, थे कोण सांगन?"

"हो वं माय, पायबी दुखतात म्हणते."

दारात उभे राहून सर घड्याळ बघत होते. मी प्रतीक्षाला विचारलं, जागा कोणासाठी धरतेस, मैत्रिणीसाठी? ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग खाली बघतच बोलली.

"एक माणूस आहे मॅडम. बाजूले येऊन बसते, अन् सरकत सरकत अंगावर येते. म्हणून दप्तर ठेवतो."

साक्षीने झटकन वर पाहिलं. "थो टोपीवाला?"

"हो."

"अवं, मी उभी राह्यतो त थोच मागून टेकते मले! पहिलेच सांगतलं असतं त मीच बसली असती न तुह्याजवळ!"

"सांगू कशी? तू त मले पाहूनच थोबाड वाकडं करे!"

सरांचं घड्याळाकडे बघणं थांबलं...

पण टीसी? "प्रकार गंभीर आहे मॅडम, पण आता संस्थेच्या अध्यक्षांना सांगून झालंय, शिस्तही पाहावी लागते..." मी म्हटलं, पाहा तुमची शिस्त. मी स्टेजवर येत नाही. आणि तिथल्याच बाकावर बसून राहिले. मार्ग अहिंसक होता, आणि माझ्या गुडघ्यांना सोयीचाही.

मांडवात मुलं ताटकळत, हारांवर माश्या. शेवटी अध्यक्ष स्वतः व्हरांड्यात आले. सगळं ऐकून घेतलं (त्यांनाही मी मधे बोलू दिलं नाही). मग त्या दोघींच्या समोर सरांनी सांगितलं, टीसी मिळणार नाही, उद्यापासून शाळेत यायचं. प्रतीक्षा एवढ्या वेळात पहिल्यांदा रडली.

स्टेजवर गेल्यावर लिहून नेलेलं भाषण पर्समध्येच राहू दिलं. एवढंच विचारलं... एसटीने येणाऱ्या मुलींनो, बाजूला कोणी बसू नये म्हणून दप्तर कोण कोण ठेवतं?

आधी मागच्या रांगेतून एक हात, मग दोन, मग मुलींची जवळजवळ सगळी बाजू. आणि शिक्षकांच्या खुर्च्यांमध्ये बसलेल्या एका तरुण मॅडमनीही पर्स धरलेला हात वर केला. रोज त्याच बसने येतात त्या. सरांकडे न बघता त्यांनी तो तसाच वर ठेवला.

अध्यक्षांच्या आभाराच्या भाषणात 'शांतता' हा शब्द मग आला नाही. ते घाईतच खाली उतरले.

काल त्या तरुण मॅडमचा फोन आला होता. शाळेने डेपोत आणि पोलिसांत तक्रार दिली आहे. पुढच्या सीट मुलींसाठी सोडायचं कंडक्टरने कबूल केलंय. दोन दिवस तो माणूस त्या बसला दिसलेला नाही. पुढे काय होतं ते बघायचं. माझा फार विश्वास नाही, पण फोन करत राहणार आहे.

आपण पोरींना शांत बसायला इतकं छान शिकवतो, की असल्या गोष्टीही त्या शांत बसून सोसतात. या दोघी सकाळी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, म्हणून तर कोणीतरी कारण विचारलं. तेव्हा प्रतीक्षा आणि साक्षी... पोरींनो, भांडल्याबद्दल तुमचे मनापासून आभार.