आलेग्रिया म्हणजे आनंद, बहुतेक

एका ऑफिसात पाच वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात, गळक्या एसीखालच्या बादलीत पाणी साचावं तसे. आमच्याकडचे बहुतेक किस्से मात्र एकाच शब्दाचे आहेत, आणि त्यातला एकही ऐकून मला आधी हसू आलेलं नाही. आधी धक्काच बसलाय.

ऑफिस बहरीनमध्ये, सित्राला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटचं. प्रोजेक्ट हेड कार्मेन, स्पेनची. प्रोसेस इंजिनिअर रोद्रिगो, मेक्सिकोचा. स्टाफची बस चालवणारे दत्ताराम, मालवणकडचे. आणि कागदपत्रं सांभाळणारी मी, नाशिकची. शब्द आहे आलेग्रिया. स्पॅनिशमध्ये आनंद.

हे अर्थात मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं.

*

कार्मेन जॉइन झाली त्या दिवशी मी डब्यातला दाण्याचा लाडू तिच्यापुढे केला. ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "के आलेग्रिया!"

मला ऐकू आलं, ॲलर्जी. मी झटकन डबा मागे घेतला. सगळ्या ऑफिसला सांगून टाकलं, मॅडमना ॲलर्जी आहे, कशाची ते नक्की माहीत नाही, तेव्हा काहीच देऊ नका.

महिनाभर तिला कुणी बिस्किटसुद्धा विचारलं नाही. ती केबिनचं दार लावून एकटी जेवायची. आम्हाला वाटायचं, काळजी घेते बिचारी.

एके दिवशी तिने मला आत बोलावलं. डोळे लाल होते. म्हणाली, "पहिल्याच दिवशी तू लाडू दिलास आणि लगेच काढून घेतलास. माझं काय चुकलं, तेवढं सांग."

*

त्यानंतर आमची मैत्री झाली. सनाबिसला आमच्या घरी आली तेव्हा तिने एक फुलांची कुंडी आणली. या झाडाला स्पेनमध्ये 'घरचा आनंद' म्हणतात म्हणाली, आलेग्रिया दे ला कासा. मी ती बाल्कनीत ठेवली आणि विसरून गेले.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. मी ईसा टाउनला मुलाच्या शाळेत, पेरेंट्स मीटिंगला गेले होते आणि फोन घरीच राहिला होता. तो नवऱ्याने, समीरने उचलला. ती इंग्रजीत म्हणाली, "घरचा आनंद कसा आहे?"

समीर तसा अबोल माणूस. पण इतक्या आपुलकीने आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. त्याने सगळं सांगितलं. आठ दिवस आम्ही बोलत नाही, तो हॉलमध्ये झोपतो, चूक त्याचीच आहे पण कबूल करायला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी कार्मेन माझ्या टेबलाशी आली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मी कुंडीबद्दल विचारलं होतं."

घरी गेल्यावर समीरशी मीच आधी बोलले.

*

दत्तारामांच्या मुलीला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली, त्या सकाळी ते बसमध्ये सगळ्यांना पेढे वाटत होते. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस गाणं गुणगुणत होता. रोद्रिगोने कौतुकाने कार्मेनला मेसेज टाकला, दत्ताराम आज 'आलेग्रे' आहेत. म्हणजे आनंदात.

पण स्पॅनिशमध्ये त्याचा आणखी एक अर्थ होतो. थोडी घेतलेला.

बस गेटवर पोचली तेव्हा कार्मेन स्वतः उभी होती, बरोबर सिक्युरिटीवाला आणि दारू तपासायचं मशीन. दत्ताराम गळ्यात माळ असलेले. आयुष्यात कधी थेंबाला शिवले नाहीत. चाळीस माणसांसमोर त्यांना खाली उतरवून फुंकायला लावलं. इथे ड्रायव्हरवर असा एक डाग पडला की नोकरी गेली आणि व्हिसाही गेला.

मशीनवर शून्य आलं. आपण 'आनंदात' म्हणालो होतो, हे रोद्रिगोने घाईघाईने समजावलं. कार्मेनने तिथेच, त्याच चाळीस माणसांसमोर माफी मागितली.

दत्ताराम तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "वहिनी, मॅडमांका इचारा, तुमच्याकडे आनंद झालो काय तोंडात नळी घालतत?"

मी त्याचं भाषांतर केलं. जसंच्या तसं.

*

एकादशीला मी राजगिऱ्याची चिक्की खात होते. रोद्रिगो जाता जाता थांबला आणि म्हणाला, "आलेग्रिया."

मी म्हटलं, "हो, आज आनंदात आहे."

"नाही. तू खातेयस ती."

मेक्सिकोत या चिक्कीचं नावच आलेग्रिया आहे. त्याची आई रस्त्याच्या कडेला बसून विकायची, त्यावर तो शिकला. मी सांगितलं, ही आमची उपवासाची. त्याचा विश्वास बसेना. आम्ही दोघं फोनवरचे फोटो एकमेकांना दाखवत राहिलो. तोच दाणा, तोच चौकोनी तुकडा.

शेवटी त्याने एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि विचारलं, "म्हणजे उपाशी राहायच्या दिवशी तुम्ही आनंद खाता?"

*

गेल्या मार्चमधली गोष्ट. कार्मेनच्या भाचीचे दिवस भरत आले होते. आजउद्या बातमी येईल म्हणून ती मीटिंगमध्येही फोन समोर ठेवून बसायची.

फोन आला. ती मीटिंगमधून उठून काचेपाशी गेली, आमच्याकडे पाठ करून. आम्हाला एकच शब्द ऐकू येत होता. "आलेग्रिया. आलेग्रिया." खांदे हलत होते. हसतेय, असंच वाटलं सगळ्यांना. एव्हाना तो शब्द आम्हाला चांगला पाठ झाला होता.

मी दाराबाहेर उभ्या दत्तारामांना खूण केली. बाळाच्या बातमीसाठी आणून ठेवलेला बहरिनी हलव्याचा डबा ते घेऊन आले. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मीटिंगमधले आम्ही बाराही जण उभं राहून टाळ्या वाजवत होतो, तेव्हा ती वळली.

टाळ्या थांबल्या.

"आलेग्रिया माझी मोठी बहीण," ती म्हणाली. "तिनेच मला वाढवलं. आज सकाळी गेली."

कुणाला खाली बसायचंही सुचेना. दत्ताराम हलव्याचा डबा पाठीमागे लपवायला लागले. कार्मेनने तो त्यांच्या हातातून घेतला, झाकण काढलं, आणि टेबलाभोवती फिरून प्रत्येकाच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. नको म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. शेवटचा तुकडा तिने उभ्याउभ्याच खाल्ला आणि बोटं रुमालाला पुसली.

"यल्ला, दत्ताराम," ती म्हणाली. "एअरपोर्ट."