मागं उभं राहणारं माणूस

मी उतार चढायला लागलो की माझी बायको मागं येऊन उभी राहायची, आणि मला तिच्या जिवाची भीती वाटायची. स्वतःच्या नाही. मी पडलो असतो तर फार तर आणखी थोडा मोडलो असतो, आधीच कुठं धड होतो. पण ती धडधाकट होती आणि ती माझ्या मागं असायची.

माझे पाय एकदम गेले नाहीत. आधी चपला पायातून निसटायला लागल्या, मग जिना नको वाटायला लागला, मग राईस मिलमधली हिशेबाची नोकरी सुटली. दोन हजार बारा-तेराच्या सुमारास धाकट्या भावानं नागपूरहून बॅटरीची स्कूटर आणली. चार चाकं, पुढं टोपली, वळणारी खुर्ची. गल्लीतल्या लोकांनी पेढे मागितले. मीही दिले, का कोण जाणे.

भाऊ मास्तरासारखा समोर उभा राहून समजावत होता. उतार सरळ चढायचा, तिरपा नाही. अंग पुढं झुकवायचं. अंगठ्याखालचा खटका सोडला की गाडी जागच्या जागी थांबते, ब्रेक आपोआप लागतो. मागच्या चाकाजवळ एक पिवळा दांडा आहे. तो वर केला की चाकं मोकळी होतात, बंद पडलेली गाडी ढकलून नेता येते. पण मग ब्रेक राहत नाही, म्हणून उतारावर त्याला कोणी हात लावायचा नाही. "आणि वहिनी, दादा चढत असताना मागं उभं राहायचं नाही. गाडी आणि माणूस मिळून धानाच्या दोन पोत्यांचं वजन आहे, अंगावर येईल." बायको हो म्हणाली. तिचं ते हो मला चांगलं ठाऊक आहे. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत टिकतं.

आमचं घर गोंदियाजवळ फुलचूरला. पावसाळ्यात पाणी शिरू नये म्हणून जोतं उंच घेतलेलं, आणि दारासमोर सिमेंटचा उतार. हे उतार आमच्याकडं मोटारसायकलसाठी करतात. गडी रस्त्यावरून जोर धरतो आणि एका दमात वर येतो, त्यामुळं उभा चढ असला तरी कोणाचं काही अडत नाही. मिस्त्रीला म्हटलं, जरा लांबवून दे. तो म्हणाला, "भाऊ, पुढं नाली आहे. रोडवर आणून सोडू का?" वर त्यानं सिमेंट घोटून घोटून ताटासारखं गुळगुळीत केलं आणि त्याची तारीफही मागितली.

पहिल्याच दिवशी मी निम्मा चढलो आणि मागं बांगड्या वाजल्या. मान वळवली तर ही पदर खोचून उभी, हातात वीट.

"बाजूला हो," मी ओरडलो.

"तुमी चढा. मी आहो."

"तू आहेस म्हणूनच ओरडून राहिलो!"

ती तिरोड्याकडची, बोदलकसाच्या तळ्याखाली धान पिकवणाऱ्या घरातली. तिच्या माहेरी भरली बंडी, म्हणजे बैलगाडी, बांधावर चढवायची तर एक माणूस हातात दगड घेऊन मागून चालतो. बैल दमले, बंडी मागं आली, की चाकाखाली दगड द्यायचा. लहानपणी ते काम तिचं होतं. मागं कोणी नसेल तर बंडी चढवतच नाहीत, हे तिच्या हाडात बसलेलं. मी तिला शंभर वेळा सांगितलं की बंडीला ब्रेक नसतो, हिला आहे. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी वीट घेऊन हजर. मी रागानं बोलायचो, वाटेल ते बोलायचो. पण रात्री डोळे मिटले की मला तो उतार दिसायचा आणि मागं घसरत जाणारी माझी पाठ. पाठीमागं काय आहे ते मात्र दिसायचं नाही.

एकदा गोंदियात डॉक्टरकडं गेलो. दुसऱ्या मजल्यावर दवाखाना, लोखंडी जाळीची जुनी लिफ्ट. लिफ्टची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा दोन बोटं वर थांबलेली. लिफ्टवाला म्हणाला, "अंकल, ये ऐसे ही रुकती है. जोर से लो." जोर से घेतली. पुढची चाकं धाडकन आत गेली, मागची कशीबशी. आत वळायला जागा नाही. ही मागोमाग आत शिरून माझ्या मागच्या कोपऱ्यात उभी. लिफ्ट हलली, मी तोल सावरायला हँडल धरलं आणि माझा अंगठा गाडी मागं नेणाऱ्या उलट्या खटक्यावर पडला. किल्ली काढायला हवी होती, ती चालूच राहिली होती. गाडी वीतभर मागं गेली. फक्त वीतभर.

वर पोचल्यावर पाहिलं तर तिच्या गुडघ्याजवळ साडीला काळा ठसा होता. "लागलं का?" "काही नाही, लोटलं जरासं." आणि ती चक्क हसली. मी त्या दिवशी डॉक्टरांना माझं दुखणं काय सांगितलं ते मला आठवत नाही.

त्यानंतर लिफ्टमध्ये शिरलो की आधी किल्ली काढायचो आणि तिला जिन्यानं पाठवायचो. जिन्याचं तिनं ऐकलं, कारण लिफ्टला बंडी म्हणता येत नव्हतं. उताराचं काही ऐकलं नाही.

मग तिच्या भावाच्या मुलीचं लग्न आलं. उन्हाळ्यातलं, संध्याकाळचं. हॉल मोठा, पायऱ्यांच्या बाजूला उतार, पण तो आचाऱ्यांची भांडी चढवायला केलेला. लग्न म्हणून त्यावर हिरवा गालिचा अंथरलेला. गालिच्यामुळं कडा दिसेना, आणि खाली सिमेंट आहे की फळी तेही कळेना. मी खालीच थांबलो. म्हटलं, मी इथं मैदानात बसतो, जेवायचं ताट इथंच आणा. पण माझा साळा, मुलीचा बाप, हात जोडून उभा राहिला. "भाऊजी, तुमी खाली बसान तं लोक मले काय म्हनतीन?"

लोक काय म्हणतील, यापुढं आमच्याकडं भावाचं शिकवणं टिकत नाही. निघालो. निम्म्यावर पुढचं चाक गालिच्याच्या घडीत रुतलं आणि गाडी थांबली. खटका सोडला, ब्रेक लागला, मी जागच्या जागी होतो. काही बिघडलं नव्हतं. मी म्हणत होतो, थांबा, गालिचा ओढा.

"अरे, न्यूट्रल करो ना, ढकेल देते हैं," माझा साडू म्हणाला. मोटारसायकल ढकलायची तर आपण न्यूट्रल करतो, तसंच त्यानं केलं. वाकून पिवळा दांडा वर उचलला. मी ओरडलो तोवर खट्ट झालं होतं. एका बाजूनं साडू, दुसऱ्या बाजूनं साळा, दोघांनी खुर्ची धरली आणि गाडी हातभर वर गेली.

तेवढ्यात बँड जवळ आला आणि कोणीतरी हाळी दिली, "समधी आले." वराचा बाप फेटा बांधून, हार घेऊन उताराच्या कडेला येऊन उभा. समधी, म्हणजे व्याही, भेटीला आला की मुलीच्या बापानं दोन्ही हात पसरून गळाभेट घ्यायची, एका हातानं घेतली तर तो अपमान. साळ्यानं दोन्ही हात सोडले. साडूला वाटलं साळ्यानं धरलंय, त्यानं हार घ्यायला हात सोडले.

गाडी आवाज न करता मागं निघाली. माझं तोंड हॉलकडं होतं, समोर दोघं समधी गळ्यात गळे घालून उभे होते, फुलं उडत होती, आणि ते सगळं माझ्यापासून लांब जात होतं. मी खटका दाबत होतो, सोडत होतो. मग मागं काहीतरी आलं, मऊ आणि मग कठीण, आणि गाडी थांबली.

तिच्या मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "तुमी पडले तं नाही ना?" मला इतका राग आला. मी म्हटलं, मागं मैदान रिकामं होतं. सपाट होतं. गाडी दहा-पंधरा हात गेली असती आणि आपोआप थांबली असती. मला काही म्हणजे काही झालं नसतं. तू फुकट मोडून घेतलंस.

ती म्हणाली, "मले दिसत होतं मैदान. पन तुमाले दिसत नव्हतं. तुमी भेले होते."

मला रडू आलं. दवाखान्यात, लोकांसमोर, नाक गळेपर्यंत.

"तुमी काऊन रडून राहिले?" ती म्हणाली. "पाय माझा मोडला."

हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. चार महिन्यांनी ती काठीवर उभी राहिली. त्या संध्याकाळी मी चौकातून चक्कर मारून आलो, उताराला गाडी लावली, आणि मागं काठी टेकल्याचा आवाज आला. एक पाय ओढत ती घरातून बाजूच्या पायऱ्या उतरून, वळसा घालून माझ्या मागं येऊन उभी होती. आता तर तिला बाजूलाही होता आलं नसतं.

जीव मुठीत धरून वर गेलो. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं की बॅटरी बसली, नवी गोंदियात मिळत नाही आणि नागपूरहून आणायची तर परवडत नाही. ती हळहळली. म्हणाली, तुमचं बाहेर जाणं बंद झालं. गाडी पडवीत आहे, तिच्यावर ती कपडे वाळत घालते. ती झोपली की मी मधूनमधून किल्ली फिरवून पाहतो. हिरवा दिवा अजून लागतो.